कमळजेचं पिंप

फार वर्षांमागे दर्यावर लढाई पेटली, तेव्हा सुपारी-खोबरं वाहणाऱ्या कमळजा बोटीला करडा रंग फासून लढाईच्या तांड्यात घेतलं. तिच्या पोटात दारूगोळा आला आणि मनात संशय. साधा ओंडका तरंगताना दिसला, तरी तिला शत्रूची पाणबुडी वाटे.

तांड्याची एक रीत होती. धुकं पडलं, की प्रत्येक बोटीनं लांब दोरखंडाला पिंप बांधून मागे सोडायचं. पिंप पाणी उडवी, आणि तो फवारा बघून मागची बोट अंतर राखी.

एका सकाळी दाट धुकं पडलं. कमळजेच्या मागे पद्मिण नावाची नवी बोट होती.

“ही बया माझी पाठ का सोडत नाही?” कमळजा पिंपाला म्हणाली. “मी वळले की तीही वळते. कुठंतरी पाणी मुरतंय!”

“अगं, ती मला बघून चालते.”

“म्हणजे तूही तिला सामील!” कमळजेनं फणकाऱ्यानं पिंप वर ओढून घेतलं.

फवारा दिसेना, तशी पद्मिण घाबरली. तिनं वेग वाढवला आणि धाडकन कमळजेवर आदळली. दारूगोळा पेटला नाही हे नशीब, पण कमळजेचं सुकाणू मोडलं.

“केलास ना घात?”

“ताई, तू बुडालीस की काय, म्हणून धावत आले गं!” पद्मिण रडवेली झाली.

मग तिनंच पिंपाच्या दोरखंडानं कमळजेला बांधलं आणि बंदराकडे ओढत नेलं.

वाटेत कमळजा हळूच पिंपाला म्हणाली, “बघितलंस? आता ही पुढं झाली. कुठं नेतेय, कुणास ठाऊक!”