षड्जाची वाटी आणि गोधड्यांचा डबा

अगं ऐक ना, ते हेडफोन काढ आधी! काल काय झालंय ते ऐक, मग तुझी सिरीज बघ. गोष्ट अगदी 'एकदा एक गुरू होते आणि त्यांची एक शिष्या होती' अशीच आहे, प्रवचनात सांगतात ना तसली. फक्त ही काल सकाळची आहे, आणि शिष्या म्हणजे आपली शर्वरी. बँकेतली, जलतरंग शिकते ती.

तिचे ते केळुस्कर गुरुजी आहेत ना, त्यांचे गुडघे पार कामातून गेलेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटी नदीपलीकडे तळमजल्यावरचं घर मिळालं आणि काल सामान हलवायचं ठरलं. आता बाकी सामानाचं काय गं, कपाट, पलंग, दोन पंखे. पण वाट्या! जलतरंग म्हणजे काय, चिनी मातीच्या वाट्या अर्धगोलात मांडायच्या, त्यात कमीजास्त पाणी भरायचं आणि बारीक काड्यांनी वाजवायचं. गुरुजींनी त्या अख्ख्या आयुष्यात एकेक करून जमवल्यात. क्रोकरीच्या दुकानात जायचं, वाटी बोटांवर तोलायची, टिचकी मारायची, कान लावायचा आणि परत ठेवून द्यायची. दुकानदार वैतागून विचारायचे, "आजोबा, घ्यायचीय की नुसती वाजवायचीय?"

आणि त्यातली षड्जाची, म्हणजे 'सा'ची वाटी! बाकीचे सगळे सूर तिच्याशी जुळवायचे. ती वाटी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलाय. तसल्या आवाजाची दुसरी वाटी गुरुजींना नंतर कुठे मिळाली नाही. ती गेली तर संपलंच. आणि या वाट्या सुखरूप पोचवायची जबाबदारी कुणाची? शर्वरीची. तिनेच छाती पुढे काढून घेतलेली. "गुरुजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका, मी आहे ना!"

'मी आहे ना' म्हणून मोकळी झाली आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. डोळे मिटले की जिना दिसायचा. जिन्यात कुणाचा तरी पाय घसरायचा, आणि मग तो आवाज. ती दचकून उठायची आणि पाणी प्यायची. सकाळी गुरुजींनी विचारलं, "झोप झाली का गं?" की ही म्हणायची, "हो हो, मस्त!"

मग तिने काय केलं, तर भाड्याने मिळतात ते प्लास्टिकचे डबे आणले. जाड, निळे, झाकणाला दोन्हीकडून क्लिप लागणारे. त्यावर गुरुजींपुढे हे मोठं व्याख्यान! पुठ्ठ्याचा खोका दबतो, ओल धरतो, तळातून फाटतो, आणि एकदा वापरला की कचऱ्यात. हे डबे एकावर एक रचता येतात, काम झालं की परत जातात, दुसऱ्या कुणाचं तरी सामान वाहतात. गुरुजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर बोलतेस. पुस्तकं त्यातच जाऊ देत."

म्हणून हिने वाट्याही त्यातच भरल्या. आत फोम, वर फोम, क्लिप खट्ट. तिला जरा श्वास घेता आला.

आणि काल सकाळी पोचते तर काय! गुरुजी जमिनीवर पाय पसरून बसलेत आणि डब्यातून एकेक वाटी काढून समोरच्या खोक्यात ठेवतायत. खोका कसला, तर वाण्याकडून आणलेला बिस्किटांचा! कडा पिचलेल्या, एक पाकळी फाटलेली. आत गुरुजींच्या जुन्या धोतराच्या घड्या. वर झाकण नाही, सगळ्या वाट्या उघड्यावर दिसतायत.

"गुरुजी, हे काय करताय तुम्ही?" ती ओरडलीच.

"वाट्या भरतोय."

"यात? हा तर हात लावला तरी फाटेल!"

"हो ना," गुरुजी म्हणाले. "तसाच दिसतो."

तिला वाटलं, गुरुजींचं डोकं ठिकाणावर आहे ना? तेवढ्यात हमाल आले. नाथा म्हणून एक आडदांड माणूस, आणि त्याचा जोडीदार संभा. संभाने खोक्यात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "एवढ्या वाट्या? गुरुजी, श्रीखंडाची पंगत हाय का?"

नाथा हसला. गुरुजीही हसले. मग त्यांनी काडी घेतली आणि एका वाटीच्या कडेवर हलकेच टेकवली. टिंऽऽऽ. आवाज खोलीभर फिरला आणि बराच वेळ राहिला.

"आयला," संभा हळूच म्हणाला.

"हे न्यायचंय," गुरुजी नाथाला म्हणाले. "खोका नाही न्यायचा, हा आवाज न्यायचाय. जमेल?"

नाथाचं हसू थांबलं. त्याने पँटला हात पुसले. "परत एकदा वाजवा की," तो म्हणाला. गुरुजींनी वाजवलं.

शर्वरी मात्र पुढे झाली. "गुरुजी, निदान खोका मी धरते!"

"तुझे हात बघ."

तिने बघितले. बोटं थरथरत होती. तिने मुठी मिटून घेतल्या. "थंडी आहे जरा," ती म्हणाली. काल थंडी कुठे होती गं!

आता ऐक हां, खरी गंमत इथे आहे. गंमत कसली, भयंकरच. गुरुजी देवाच्या पाया पडायला आत गेले, हमाल कपाट खाली न्यायला गेले, आणि ही एकटीच त्या उघड्या खोक्यापुढे उभी. तिला परत तो जिना दिसला. तिने खोक्यातून षड्जाची वाटी उचलली, दोन टॉवेलात गुंडाळली आणि कोपऱ्यातल्या एका निळ्या डब्यात घातली. त्या डब्यात गोधड्या होत्या, वर तशी चिठ्ठीही लावलेली. खाली मऊ, वर मऊ. क्लिप लावली. कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुरुजींवर विश्वास नाही असं झालं असतं ना. खोक्यात जिथे वाटी होती तिथे तिने धोतराची घडी सारखी करून टाकली.

तिला वाटलं, आता षड्ज तरी वाचला.

नाथाने खोका उचलला. खालून एक हात, पोटाशी दुसरा. एकेक पायरी अशी उतरत होता, जसं काही जिना झोपलाय आणि तो जागा होईल. मधेच वरून कुणीतरी घाईत उतरायला लागलं, तर हा पठ्ठ्या भिंतीला टेकून उभा राहिला. "थांबा हो साहेब," म्हणाला, "आवाज चाललाय." शर्वरी पुढे चालत होती, घामाने भिजलेली. दुसऱ्या मजल्याचं वळण आलं आणि वरून संभाची हाक ऐकू आली.

"ए, हा निळा गोधड्यांचाच हाय! उचलू कशाला? सोडतो!"

आणि त्याने डबा सोडला. म्हणजे ढकलूनच दिला जिन्यावरून! गोधड्यांना काय होणार? डबा मजबूत, क्लिपा बंद. खडखडखडखड करत तो पायऱ्यांवरून खाली आला आणि वळणावर भिंतीवर धाडकन आपटला.

शर्वरीच्या घशाशी आलं होतं, 'थांबा!' अजून दोन मजले शिल्लक होते, अजून वेळ होता. पण थांबा म्हटलं की लगेच 'का?' असं आलं असतं. नाथा बघत होता. वर गुरुजी कठड्याला धरून उतरत होते. ती काहीच बोलली नाही. संभाने डबा पायाने वळवला आणि पुढच्या जिन्यावरूनही सोडला.

टेम्पोत ती त्या डब्याशेजारी बसली. त्यावर हात ठेवायचीसुद्धा तिला हिंमत होईना. पुलावर एक खड्डा आला तेव्हा तिला वाटलं, आत काहीतरी वाजलं. की नाही वाजलं? तिला ठाऊक होते तेवढे सगळे देव आठवून झाले. समोर नाथा मांडीवर खोका घेऊन बसला होता, प्रत्येक धक्क्याला दोन्ही गुडघे वर उचलून धरत होता.

नव्या घरी पोचल्यावर गुरुजी म्हणाले, "आधी वाट्या." कारण वाटीचा तडा डोळ्यांना दिसत नाही गं. बारीक केसासारखा असतो. तो ऐकावा लागतो. चांगली वाटी टिंऽऽ करते, तडकलेली टक् करते. बस्स.

गुरुजी चटईवर बसले आणि सुरू केलं. टिंऽऽ. बाजूला ठेवली. टिंऽऽ. बाजूला. हमाल दारात उभे, कुणी हलेना. टिंऽऽ. प्रत्येक वाटीला नाथाचे खांदे जरा खाली यायचे, आणि शर्वरीचे वर चढायचे. सगळ्या वाजल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. गुरुजींनी खोक्यात हात घातला, धोतराची घडी उचलली, तर खाली काही नाही.

"षड्ज?" गुरुजींनी विचारलं.

सगळ्यांनी नाथाकडे बघितलं.

नाथाचा चेहरा उतरला. "गुरुजी, आईशपथ, एक बी पडली न्हाई माझ्याकडनं. कानाला कळली असती की!"

"जिन्यात टेकला होतास न्हवं तू भिंतीला?" संभा म्हणाला.

"टेकलो, पर खोका पोटाशी होता! ताई, तुम्ही पुढंच होता की. सांगा तुम्ही!"

सगळे हिच्याकडे बघायला लागले. आता विचार कर. एक शब्द बोलायची गरज नव्हती. 'मला काही दिसलं नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं, ती खरंच पुढे बघत होती. खोका फाटका, झाकण नाही, हमाल परका. सगळ्यांना पटलं असतं. निळा डबा ती नंतर गुपचूप उघडणार होती. नाथा तिच्याकडे नुसता बघत होता.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी काढून घेतली होती. मला भीती वाटली. गोधड्यांच्या डब्यात आहे."

संभाने कपाळावर हात मारला. "त्या डब्यात? अहो ताई, तो तर मी..."

"माहितीये," ती म्हणाली.

तिने क्लिपा काढल्या. वाटी गोधड्यांतून घसरून थेट कोपऱ्यात, प्लास्टिकला चिकटून बसली होती. टॉवेल सोडला. वाटी अख्खी! एक टवका उडाला नव्हता. शर्वरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने ती गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी काडी टेकवली.

टक्.

अगं, लाकडावर मारल्यासारखं. टक्.

बाहेर कुठेतरी स्कूटर सुरू झाली आणि गेली. गुरुजींनी वाटी मांडीवर ठेवली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. शर्वरी मान खाली घालून उभी होती, आता कडाडतील म्हणून. ते कडाडले नाहीत.

"बस," ते म्हणाले. "तुझ्या डब्यात काही दोष नाही. पुस्तकं बघ, कशी कोरी करकरीत आली. दोष संभाचाही नाही. गोधड्या कुणीही सोडून देईल, मीही दिल्या असत्या. फाटक्या खोक्यात काय आहे ते नाथाला दिसत होतं. ते फुटेल हेही दिसत होतं. म्हणून त्याचे हात सावध राहिले. मजबूत डबा पाहिला की माणसाचे हात निर्धास्त होतात. नाजूक वस्तू कठीण आवरणात ठेवायला हरकत नाही, बाळ. पण आत नाजूक आहे एवढं उच्चारावं लागतं. जे कुणाला ठाऊकच नाही, ते कुणी जपायचं कसं?"

मग म्हणाले, "तू इतके दिवस झोपलेली नाहीस. मला दिसत होतं. पण विचारलं की तू क्लिप लावायचीस."

नाथा खाली बसला तिच्याशेजारी. "ताई," म्हणाला, "जिन्यात एक हाक मारली असती तर मी आडवा झालो असतो त्या डब्याला." आणि ते ऐकून ती ढसाढसा रडली, हमालांच्या समोर, सामान सगळं अस्ताव्यस्त पडलेलं.

गुरुजींनी वाट्या मांडल्या. पाणी भरलं. षड्जाची जागा मोकळी ठेवली. वाजवायला लागले. त्या जागेपाशी आले की काडी हवेत थांबायची आणि तिथे काहीच नसायचं. ऐकवत नव्हतं म्हणे. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि मग शर्वरीने तो सा गळ्याने लावला. आवाज रडून घोगरा झालेला आणि कापत होता, पण सूर जागेवर होता. गुरुजींनी मान वर केली नाही. पुढच्या फेरीला त्या जागी नुसते तिच्यासाठी थांबले.

मला कालपासून तो निळा डबाच दिसतोय गं. जिन्यावरून खडखडत येणारा, आणि ही तोंड मिटून बघत उभी. आपण सगळे हेच करतो की, 'काही नाही, मस्त आहे' म्हणून. तू सांग, खरं सांग हां. तू त्या वळणावर असतीस तर ओरडली असतीस? आणि समजा तेव्हा नाही जमलं, तर नंतर, सगळे नाथाकडे बघत असताना, तू काय केलं असतंस?