नाण्यावरचे कुरळे केस

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे रोमच्या सम्राटांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, ऐका, थोरांनी तर कान देऊन ऐका.

तिथल्या टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा एक कारागीर होता. नाण्याच्या एका बाजूला पंख पसरलेली विजयाची देवी, दुसऱ्या बाजूला सम्राटाचा चेहरा. बहुतेक प्रजेने सम्राट पाहिला, तो नाण्यावरच.

नवा सम्राट गादीवर आला, तेव्हाच त्याला टक्कल पडलेलं, गळ्याची कातडी लोंबलेली. कारागिराने आहे तसं कोरलं. सम्राट कडाडला, "हा म्हातारा कोण? असला ठसा पुन्हा दिसला, तर हात कलम करीन!"

कारागिराला हात गमावून चालणार नव्हतं. घरी बायकापोरं होती. त्याने मुकाट्याने टकलावर कुरळे केस चढवले, वर पानांचा मुकुट ठेवला, गळा घट्ट केला. सम्राट खूश! मग काय, दरवर्षी सम्राट थकत गेला आणि नाण्यावर तरणा होत गेला. कोरताना कारागिराचा जीव मात्र धाकधूक करायचा. हे एक दिवस अंगाशी येणार, असं त्याचं मन सांगायचं.

आणि आलंच की! सम्राट लढाईवर निघाला. सैनिकांच्या पगाराची नाणी तिथेच पाडायची म्हणून कारागीरही बरोबर गेला. लढाई हरले. ओळख पटू नये म्हणून सम्राटाने राजवस्त्रं, अंगठी, सगळं फेकलं, कारागिराचा जुना अंगरखा चढवला, आणि दोघे जीव मुठीत धरून सरहद्दीवरच्या आपल्या किल्ल्याकडे पळाले. मागे शत्रूच्या घोड्यांची धूळ उडत होती.

"दार उघडा! मी सम्राट आहे!"

तटावरच्या पहारेकऱ्याने कमरेचं नाणं काढलं. एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि खो खो हसला. "आमचे सम्राट हे बघ, कसे तरणेबांड! तू कोण रे टकल्या? हेर दिसतोस!"

सम्राट रडकुंडीला आला. कारागिराचा दंड धरून म्हणाला, "अरे, तू तरी सांग ना यांना!"

धूळ जवळ येत होती. कारागीर घसा फोडून ओरडला, "देवाशपथ सांगतो, हेच सम्राट! नाण्यावरचा चेहरा खोटा आहे. मीच कोरलाय तो!"

"सम्राटाच्या नाण्याला खोटं म्हणतोस? चालते व्हा, नाहीतर बाण सोडतो!"

दार उघडलं नाही. घोडे येऊन थडकले. शत्रूच्या सरदाराने मात्र सम्राटाला पाहताक्षणी ओळखलं, कारण सकाळीच रणात त्याने त्याला समोरून पाहिलं होतं. दोघांच्या हातांत बेड्या पडल्या, आणि आपल्याच किल्ल्याच्या बंद दारासमोरून सम्राटाला फरफटत नेलं ते कायमचंच.

आपला खरा चेहरा जो आपल्याच माणसांपासून लपवतो, त्याला संकटात आपली माणसंही ओळखत नाहीत.