न आटणारा चषक

सांगा बरं मंडळी, विश्वास कुणावर टाकावा? दुःखावर फुकट औषध देणाऱ्यावर? मी उभा जन्म बाजारात काढला. फुकट देणारा दिसला की आधी दुकानाच्या फळ्या लावून घेतो.

एका राज्यात शार्दूलसेन नावाचा राजा होता. राणी वारली आणि तो शोकाने खचला. तेव्हा कालजंघ नावाच्या मांत्रिकाने त्याला एक चषक दिला. कितीही प्या, आटत नसे. पहिल्या घोटात राजा दुःख विसरे, दुसऱ्यात राज्य, आणि तिसऱ्या घोटानंतर हातात चाबूक घेई. चाबूक पडे तो एकुलत्या एका लेकीवर, पद्मलेखेवर. ती लांब बाह्या घालून दरबारात सांगे, "घोड्यावरून पडले."

दरबारी हसत. "राजकन्येला घोडा काही धड जमत नाही हो!"

एके दिवशी खिडकीतली साळुंकी बोलली, "राजकन्ये, चषकाचा शाप तोडायचा तर तीन कामं आहेत. अग्निपर्वताची राख आण. मगरींच्या डोहाचं पाणी आण. तिसरं मग सांगेन."

पद्मलेखा जळता डोंगर चढली. मगरींच्या पाठींवर पाय देत डोहाच्या मध्यापर्यंत गेली. राखेने चषकाला तडा गेला, तासाभरात सांधला. पाण्याने मद्य आटलं, पुन्हा भरलं.

"तिसरं काम?"

"भर दरबारात खरं बोल."

"त्यापेक्षा मगरी बऱ्या गं बाई!"

तरी ती गेली. बाह्या वर सारल्या. "मी घोड्यावरून कधीच पडले नाही."

राजा गरजला, "खोटं! घोडा बुजला होता!"

"तो घोडा मीच रचला, आबासाहेब, तुमची अब्रू राखायला. आता मी मावशीकडे राहीन. सात दिवस न पिता काढलेत की निरोप धाडा."

दरबार खाली बघत राहिला. राजाने चषक भिरकावला. तो बोटांनाच चिकटून बसला.

सहा दिवस राजाने थरथरत, ओठ मिटून काढले. सातव्या दिवशी प्याला. कालजंघ कानाशी लागला, "सात दिवस पुरे झाले असंच कळवा, महाराज. बघायला कोण येतंय?"

राजा साळुंकीला म्हणाला, "लेकीला सांग, सहा दिवस राहिलो, सातव्या दिवशी प्यालो. तिला मारत होतो तो मीच. उद्या पुन्हा पहिला दिवस."

बोलणं संपलं आणि चषक बोटांतून गळून पडला, माती होऊन फुटला. कालजंघाचा धूर झाला.

पद्मलेखा लगेच परतली नाही. राजाने न पिता काढलेले शंभर दिवस तिने मोजले, मगच आली. राजमुद्रा तिने आपल्याकडे मागितली. राजाने दोन्ही हातांनी दिली.

तुमच्यात कुणी असे दिवस मोजत असेल, तर एवढी विनंती ऐका. चुकलेला दिवस गाळू नका. हिशेब खरा ठेवा.