पेठेच्या तोंडाचा दगड

पेठ बैलगाड्यांनी भरायची, तेव्हापासून तिच्या तोंडाशी एक काळा दगड बसून होता. पुढे पेठ पाडून मॉल बांधायचं ठरलं आणि बुलडोझर आला.

"ए म्हाताऱ्या, ऊठ! आधी तुलाच उखडतो," तो गुरगुरला.

"मी उठत नसतो. हिंमत असेल तर ये!" दगड म्हणाला.

तेवढ्यात ड्रायव्हर तुळशीराम आला. कामाआधी यंत्राची पूजा हवीच. त्याने बुलडोझरला हळदकुंकू लावलं आणि सवयीने नारळ त्याच दगडावर फोडला. दगडावरून पाणी ओघळलं, तसा तुळशीराम चपापला.

"ज्यावर नारळ फोडला, त्यालाच उखडू? माझ्याच्यानं नाही होणार!" त्याने किल्ली खिशात टाकली.

बुलडोझर चडफडला, "अरे, पूजा माझी होती!"

"तुझीच होती की," दगड म्हणाला. "उद्या तुझ्या थोरल्या भावाला आण. त्याचाही नारळ इथंच फुटेल!"