केवणीच्या उतारावरचे मुके पाहुणे

कोंडसरच्या जत्रेला आलात तर देवळात जाण्याआधी नदीच्या उतारावर या, असे इथले पुजारी बाबल घाडी पाहुण्यांना बजावून सांगतात. ओहोटी लागली की केवणी नदी तिथे गुडघाभर होते. पलीकडच्या आगरवणची दोन-तीनशे माणसे देवीच्या ओटीची परडी पुढे घालून पाणी ओलांडतात. जत्रेला निघालेली माणसे, पण कुणाच्या तोंडून शब्द नाही; कडेवरच्या पोराच्या ओठांवर आईचा हात असतो. अलीकडे ढोल वाजत असतो. ढोल वाजवणाऱ्याचा उजवा हात शेल्याने कमरेशी बांधलेला असतो. नवखा माणूस कारण विचारतो, आणि घाडीबुवा खडकावर टेकून सांगू लागतात.

पूर्वी म्हणे ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे संस्थान, पलीकडे फिरंग्याचा अंमल. हद्द राजांनी आखलेली. गावांनी ती कधी मनावर घेतली नाही. कोंडसरची सातेरी देवी थोरली आणि आगरवणची धाकटी, अशा त्या सख्ख्या बहिणी. इथल्या लेकी तिथे नांदायच्या, तिथल्या इथे. मीठ तिकडून यायचे, भात इकडून जायचा. दरसाल जत्रेला धाकटी बहीण थोरलीला ओटी पाठवायची.

देवळातल्या ढोलाचा मान झिलू देवळ्याकडे होता. त्याची एकुलती लेक शेवंती आगरवणात दिलेली. जावई सोमा मिठागरात राबणारा. झिलूचे दोन ठोके दोन्ही गावांना पाठ होते. संथ तीन ठोके म्हणजे ‘या, उतार मोकळा आहे’. दाट, न थांबणारा ठोका म्हणजे ‘भरती येतेय, पाण्यात उतरू नका’.

एके वर्षी फिरंग्यांनी संस्थानचे ठाणे जाळले. ठाणेदाराच्या धाकट्या भावाचे मुंडके बांबूवर लावले. ठाणेदाराच्या डोक्यात सूड बसला; त्याच्या लेखी पलीकडचे सगळेच फिरंगी. जत्रेच्या सकाळी तो साठ तलवारी घेऊन कोंडसरला आला आणि माणसे त्याने काठच्या केवड्यात दडवली.

“आगरवणकरांना बोलवा,” तो म्हणाला. “पाण्याच्या मधोमध आले की एकही परत जाता कामा नये.”

गावचा प्रमुख आनू गावकर हात जोडून पुढे झाला. “सरकार, ती आमची सोयरी. ओटी घेवन येतत. हातात हत्यार नाय.”

ठाणेदाराने तलवार उपसली. आनूचे धड देवळाच्या पायरीवर पडले आणि शिर घरंगळत त्याच्या बायकोच्या, सीतूच्या पायाशी थांबले. तिने ते पदरात घेतले.

मग झिलूला ढोलासकट काठच्या केवड्याआड नेले आणि तलवारीचे टोक त्याच्या पाठीला लागले. “वाजव.”

झिलूने उजव्या हाताने काठी उचलली, डावा तळवा कातड्यावर ठेवला. पलीकडे माणसे खोळंबून उभी होती. सर्वांत पुढे परडी घेतलेला सोमा त्याला पानांच्या फटीतून दिसला. मागे शेवंतीचे हिरवे लुगडे. झिलू काही शूर माणूस नव्हता. त्याला जगायचे होते. त्याने पहिला ठोका दिला. दुसरा दिला. पलीकडे सोमाचे पाऊल पाण्यात पडले. तिसऱ्यासाठी वर गेलेली काठी मात्र तशीच थबकली, आणि खाली आली ती भरतीचा ठोका घेऊन. दाट, न थांबणारा.

एका शिपायाने त्याचा उजवा हात मनगटात तोडला. पंजा काठीसकट वाळूत पडला. झिलूने डाव्या हाताने पंजातली काठी सोडवली आणि पुन्हा वाजवू लागला. ढोलाचे कातडे रक्ताने भिजून जड झाले, आवाज बसला. दुसरा घाव कपाळावर आला. डोळ्यांत रक्त उतरले आणि दिसायचे बंद झाले. तरी ठोका चालूच. शेवटी बरगडीत भाला गेला, तेव्हा तो ढोलावर पालथा पडला.

ठोका चालू होता तोवर पलीकडे आगरवणकर बुचकळ्यात पडले होते. पाणी तर गुडघाभर दिसत होते, मग भरतीचा ठोका कसला? सोमा कान देऊन ऐकत होता.

“आबाचो एकच हात वाजता,” तो म्हणाला.

त्याने परडी शेवंतीच्या डोक्यावर दिली. बायकापोरांना मागे धाडले. चाळीस जण कोयते, वल्ही, मिठागरातली फावडी, जे हाती लागले ते घेऊन नदीत घुसले. केवड्यातून तलवारी बाहेर पडल्या. उतारावर कापाकापी सुरू झाली. तोवर थिजलेले कोंडसर मग मागून तुटून पडले. बायकांनी मुसळांनी डोकी फोडली. ठाणेदाराला तिघांनी पाण्यात दाबून धरले, बुडबुडे थांबेपर्यंत. दुपारी नदीत सत्तर प्रेते तरंगत होती, आणि त्यांतले आपले कुठल्या काठचे हे कुणी निवडत बसले नाही. आपल्या सगळ्यांना एकाच चितेवर ठेवले.

लढाई थांबली तेव्हा झिलूत अजून धुगधुगी होती. सोमाने त्याचे डोके मांडीवर घेतले. झिलूला काही दिसत नव्हते.

“परत गेली रे माणसां?” त्याने विचारले.

सोमाने तोंड उघडले आणि मिटले. एक शब्द निघाला असता तरी सासऱ्याने आवाज ओळखला असता. भोवती आगरवणची रक्ताळलेली माणसे उभी होती. त्यांनीही श्वास आवरले. तेव्हा नवऱ्याचे शिर पदरात घेऊन काठावर आलेली सीतू बोलली.

“गेली झिलू. सगळी गेली. एकव पाण्यात उतराक नाय.”

झिलू हसला म्हणे, आणि सोमाच्या मांडीवर त्याने प्राण सोडला.

संस्थानातून विचारणा आली, फिरंग्यांकडूनही आली. दोन्ही गावांनी एकच जबाब दिला: ठाणेदारसाहेब भरतीत सापडले.

आजही जत्रेला आगरवणची माणसे उतार ओलांडतात ती मुक्यानेच. प्राण जाईपर्यंत आपण आल्याचे झिलूला कळू नये, म्हणून. डाव्या हाताचा ढोल थांबतो. मग परडीवाला ओल्या पायांनी ढोलापाशी जातो, वाकतो आणि त्या सकाळचा पहिला शब्द बोलतो.

“आबा, आमी आयल्यांव.”