शाह बहारांची गुदडी

पूर्वी मेघनगरात एक सुलतान राज्य करीत असताना बोधिसत्त्व यासीन या नावाने जन्मून शाह बहार नावाच्या सूफी फकिराची सेवा करीत होते. हे कोणत्या कल्पात, ते मला नक्की सांगता येणार नाही; पण फकीर आणि तापलेली मुलं सगळ्याच कल्पांत असावीत.

शाह बहारांची एक रीत होती. कोणी दुःख घेऊन आला, की ते त्याच्या जुन्या कपड्याचा तुकडा मागून आपल्या अंगावरच्या गुदडीला, म्हणजे ठिगळांच्या गोधडीला, शिवत. रोज पहाटे ठिगळांवरून बोटं फिरवीत, आणि ज्याचं ठिगळ हाताला लागे त्याच्या घरी चालत जात. त्या ओझ्याने ते वाकले, आणि एके दिवशी गेले.

लोकांनी मनात धरलं ते एवढंच, की गुदडीत करामत आहे. सुलतानाने कबरीवर घुमट बांधला. गुदडी चांदीच्या पेटीत ठेवावी, फक्त उरुसाला दाखवावी आणि यासीनना एक गाव इनाम द्यावं, असं ठरलं. यासीन हो म्हणाले. तेव्हापासून त्यांना घास गोड लागेना.

पेटीला कुलूप लागायच्या दिवशी जुबेदा नावाची तरुण आई तापलेलं मूल खांद्यावर टाकून धावत आली. मुठीत झबल्याचा तुकडा होता.

"सासूबाई म्हणतात, दात येतायत. मला नाही ते दातांचं वाटत. मला काय, सगळ्यातच वाईट दिसतं म्हणा. पण एवढं शिवाल?"

"बाई, बाजूला हो," सुलतानाचा कारभारी म्हणाला. "गुदडी आता सरकारची झाली."

"असू द्या की. शिवल्यावर घरी कोण येणार, सरकार?"

यासीन दचकले. त्यांनी पेटीतून गुदडी काढली, सुई ओवली.

"यासीनमियाँ, एक टाका घातलात की इनाम गेलं!"

"गेलंच समजा." त्यांनी गाठ मारली, गुदडी पाठीवर घेतली. "ताई, घर कुठल्या गल्लीत? वाटेत हकिमांना घेऊ."

ताप टाक्याने उतरला नाही, काढ्यानेही फारसा नाही. पुढे खालच्या हिरडीत एक दात चमकला आणि सासूबाईंनी तो अख्ख्या गल्लीला दाखवला. पण तोवर यासीन मूल मांडीवर घेऊन बसले होते, म्हणून जुबेदेला डोळा तरी लागला. घुमटाखाली लोक रिकाम्या पेटीला फुलं वाहत राहिले.

विहारात ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "तेव्हाचा कारभारी म्हणजे विहाराच्या किल्ल्या सांभाळणारा हा भिक्षू. जुबेदा म्हणजे मागे बसून, मुलाचा श्वास चालू आहे ना ते पुन्हा पुन्हा पाहणारी ही उपासिका. यासीन तो मीच. आणि अशा पूर्णत्वाला पोचलेल्या मायेचं नाव मैत्री-पारमिता. ती चालत जाऊन करायची असते."