विश्रामचा फ्लॅश

एका तालुक्याच्या गावात विश्राम दळे नावाचा एक फोटोग्राफर राहत असे. हात चांगला, पण जीभ भारी तिखट. काही बिघडलं की तो आधी दोषी शोधायचा, मग बिघाड. आणि दोषी दर वेळी एकच सापडायची, त्याची बायको शेवंता. लग्नांत ती स्टँडवरचा फ्लॅश धरून उभी राहायची. विश्रामच्या कॅमेऱ्यावरचा छोटा डबा बिनतारी इशारा द्यायचा आणि दूरचा फ्लॅश उडायचा. दोन्हींवर सारखाच नंबर लावलेला हवा, एवढीच अट.

एका लग्नात तो नवरीकडून आला होता. नवरीचे वडील पाय मोडून दवाखान्यात पडले होते. नवरी म्हणाली, "काका, अंतरपाट दूर होतो तेव्हाचा माझा चेहरा अण्णांना बघायचाय. तेवढा एक फोटो चुकवू नका."

"मी कधी चुकतो का?" विश्राम गुरगुरला.

नवरदेवाकडचाही फोटोग्राफर होता. दोघांच्याही डब्यांवर एक हाच नंबर निघाला. त्याने बटण दाबलं की विश्रामचा फ्लॅश उडायचा. विश्राम त्याच्यावर तुटून पडला आणि त्याच तणतणीत कॅमेऱ्यावरच्या डब्याचा नंबर एकचा तीन करून मोकळा झाला. शेवंताच्या हातातल्या फ्लॅशवर मात्र एक नंबर तसाच राहिला.

मंगलाष्टकं सुरू झाली. विश्रामने बटण दाबलं. फ्लॅश गप्प. बोहल्यामागे झगझगीत दिवे, त्यामुळे नवरीचा चेहरा काळाठिक्कर.

"सरळ धर की! हात मोडलेत का?" तो चार लोकांत ओरडला.

"अहो, नवरदेवाकडच्या फोटोग्राफरच्या बटणावर उडतोय की हा. म्हणजे फ्लॅश चांगला आहे. जरा नंबर बघा ना."

"मग त्याचीच चाकरी कर! मला अक्कल शिकवू नकोस."

त्याने डब्यातले सेल बदलले. सेल विकणाऱ्याला शिव्या घातल्या. हॉलच्या वायरिंगला नावं ठेवली. बिनतारी फ्लॅशचा वायरिंगशी काय संबंध, देव जाणे! अशा माणसांचा मला संताप येतो. सांगणारी सांगतेय, आकडा समोर आहे आणि हा बघत नाही. बघितलं तर चूक स्वतःची निघेल ना!

शेवटचं 'सावधान' झालं. अंतरपाट दूर झाला. नवरीने मान वर केली. विश्रामने बटण दाबलं. फोटोत काळोख. क्षणभराने फ्लॅश उडाला, पण दुसऱ्याच्या बटणावर.

शेवंताने त्याच्या डब्यावरचा आकडा बघून फ्लॅशचा नंबर तीनवर नेला आणि स्टँड त्याच्या हातात कोंबला. "आता दाबा. आणि यापुढे चारचौघांत शिव्या खायला दुसरं कुणी बघा."

त्याने दाबलं. फ्लॅश लख्ख उडाला. फोटोत भटजी अंतरपाटाची घडी घालताना स्पष्ट दिसत होते.

जेवणाच्या आधी नवरी आली. "काका, आला ना चेहरा? अण्णा वाट बघताहेत."

विश्रामने सवयीने शेवंताकडे बोट दाखवायला हात उचलला. ती तिथे नव्हती.

तात्पर्य: काम अडलं की आधी आपल्या हातातलं तपासावं, दुसऱ्यावर ओरडण्यात घालवलेला वेळ कुणाच्याही माफीने परत येत नाही.